पॉलिसी बदलण्याचा हक्क आणि कापसाचा पैसा

(यवतमाळ जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



सकाळपासून कापसाचा भाव, वीजबिलाची थकबाकी आणि पीककर्ज यांवर बोलणे झाले. आता आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो काही जणांना या मांडवातला वाटणार नाही. विषय आहे दवाखान्याच्या विम्याचा. पण तालुक्या-तालुक्यांत बसून सावकाराचे कर्ज कशापायी झाले असे विचारले, की तीनच उत्तरे पुन्हा पुन्हा येतात. नापिकी, लग्न आणि दवाखाना. नापिकीवर आणि भावावर आपण रस्त्यावर उतरतो. लग्नाचा खर्च आटोक्यात ठेवणे आपल्या हाती आहे. दवाखान्याच्या खर्चाचे मात्र आपण नशिबाच्या नावावर सोडून देतो आणि वावर गहाण टाकतो.

त्यातच आता गावोगावी विम्याचे एजंट येऊ लागले आहेत. बँकेत पीककर्जाचे नवे-जुने करायला गेलो तरी टेबलावर विम्याचा कागद पुढे सरकवला जातो. कोणी घेतो, दोन वर्षे भरतो आणि सोडून देतो. कोणी दुसऱ्या एजंटाच्या सांगण्यावरून नवीनच घेतो. पॉलिसी घ्यावी की नाही, घ्यावी तर कोणती आणि बदलायची झाली तर कशी, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

पीकविमा आणि हा विमा

पहिल्यांदा एक फरक ध्यानात घ्या. पीकविम्याचा अनुभव आपल्याला 1985 सालच्या सर्वंकष योजनेपासून आहे. 2016 साली प्रधानमंत्री पीकविमा योजना आली. त्यात जिल्ह्याला कोणती कंपनी हे सरकार निविदा काढून ठरवते. कंपनी पटली नाही म्हणून शेजारच्या कंपनीकडे जाण्याची सोय शेतकऱ्याला नाही. 2020 च्या खरिपापर्यंत तर कर्जदाराच्या खात्यातून हप्ता आपोआप कापला जात होता. त्यामुळे विमा म्हणजे कोणीतरी कापून घेतलेला पैसा, अशी आपल्या मनाची धारणा झाली आहे.

दवाखान्याचा विमा तसा नाही. 1986 साली सरकारच्या चार विमा कंपन्यांनी मेडिक्लेम नावाने तो आणला. 1999 च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्यांना दार उघडले. बरीच वर्षे तो शहरातल्या नोकरदारांचाच राहिला. त्यातही एक मोठी अडचण होती. कंपनी सोडली, की तिच्याकडे काढलेली सगळी वर्षे बुडत. नव्या कंपनीत पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. 1 ऑक्टोबर 2011 पासून नियामकाने ही अडचण दूर केली. जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षे सोबत घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता येते. याला पोर्टेबिलिटी म्हणतात. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो, तसेच हे.

म्हणजे इथे गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात एक हत्यार आहे. पण ते वापरायची वेळ आणि रीत ठरलेली आहे. ती चुकली की हत्यार बोथट.

शेजारच्या जिल्ह्यातला धडा

विमा हे शहरी खूळ आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला वर्धा जिल्ह्यात न्या. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने 1980 च्या सुमारास आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारा आरोग्य विमा सुरू केला. ज्वारी घरात आली की वर्गणी गोळा व्हायची. जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने जास्त द्यायची, मजुराने कमी. गावातली पाऊण घरे तरी सामील झाली पाहिजेत अशी अट होती. अचानक आलेल्या दुखण्याला रुग्णालयात मोफत उपचार, आणि ठरवून करायच्या उपचारांत काही वाटा कुटुंबाचा.

या योजनेत तीन शहाणपणाच्या गोष्टी होत्या. वर्गणी सुगीच्या वेळी, म्हणजे घरात माल असताना. वर्गणी ऐपतीप्रमाणे. आणि आजारी पडण्याच्या आधी सगळ्यांनी मिळून. आजच्या खाजगी पॉलिसीत दुसरी गोष्ट नाही. ती वय पाहते, ऐपत पाहत नाही. पण पहिली आणि तिसरी आपण आपल्या पुरती पाळू शकतो. पुढचे सगळे बोलणे त्यावरच आहे.

आधी सरकारी कार्ड

खाजगी पॉलिसीला हात घालण्याआधी सरकारकडून जे मिळते ते पदरात पाडून घ्या. राज्याची जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि 21 नोव्हेंबर 2013 पासून सगळ्या राज्यात. 2017 पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही सातबारावर लाभ मिळत असे तो 14 जिल्ह्यांत: अमरावती आणि औरंगाबाद हे दोन विभाग, आणि वर्धा. त्यात आपला यवतमाळ होता. पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली, कुटुंबाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून 5 लाख झाली, आणि 2024 सालापासून शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्व कुटुंबांना ती लागू झाली. 70 वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून केंद्राच्या योजनेचे वेगळे कार्ड मिळते. त्यात उत्पन्नाची अट नाही.

हे सगळे फुकट आहे. घरातल्या प्रत्येकाचे कार्ड काढलेले आहे का, नाव आधारप्रमाणे आहे का, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव शिधापत्रिकेवर चढले आहे का, हे आज घरी गेल्यावर पाहा. पेशंट गाडीत घातल्यावर हे पाहायला वेळ नसतो.

मग खाजगी विमा कशाला, असा प्रश्न येईल. सरकारी योजनेत उपचारांची यादी ठरलेली आहे आणि दवाखान्यांचीही. यादीतला उपचार, यादीतला दवाखाना, तर लाभ. तापाने चार दिवस सलाईनवर राहिलात किंवा जवळचा दवाखाना यादीत नसला, तर खिशातून. पांढरकवडा, झरी, वणीकडचे लोक नागपूर लांब पडते म्हणून आदिलाबादला जातात. तिथे महाराष्ट्राचे कार्ड चालेल की नाही हे आधी विचारून ठेवावे लागते. ही जी फट उरते तेवढ्यापुरती खाजगी पॉलिसी आहे.

आणि एक स्पष्टच सांगतो. ज्याला दरवर्षी न चुकता हप्ता भरता येईल त्यानेच ती घ्यावी. दोन वर्षे भरून सोडलेली पॉलिसी म्हणजे पेरून न निंदलेले वावर. त्यापेक्षा सरकारी कार्ड पक्के करा आणि चार पैसे बचत गटात ठेवा.

पिशवीवरचे लेबल वाचा

आम्ही शेतकी शिकलेले लोक तुम्हाला बियाण्याच्या पिशवीचे लेबल वाचायला सांगतो. उगवणशक्ती किती, लॉट नंबर कोणता, मुदत कधीपर्यंत. पॉलिसीचेही लेबल असते. कंपनीने ग्राहकासाठी माहितीपत्रक दिलेच पाहिजे असा नियम आहे. त्यात चार गोष्टी पाहा.

पहिली, थांबण्याची मुदत. पॉलिसी घेतल्यापासून साधारण पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, मूळव्याध, गर्भाशयाची शस्त्रक्रिया यांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या बीपी-शुगरसारख्या आजारांना पूर्वी चार वर्षांपर्यंत थांबवता येत होते. 1 एप्रिल 2024 च्या नियमाने ती मर्यादा तीन वर्षांवर आली. ही मुदत आपण दरवर्षी हप्ता भरून फेडत असतो. म्हणून ती आपली कमाई आहे.

दुसरी, खोलीच्या भाड्याची मर्यादा. यातच सर्वांत जास्त माणसे फसतात. समजा 3 लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीची मर्यादा रोजची एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये. आपण घेतली 6,000 ची. चार दिवसांचे भाडे 24,000 झाले. कंपनी 12,000 देईल एवढे आपल्याला कळते. पण मर्यादेच्या दुप्पट खोली घेतली म्हणून डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे पैसेही ती निम्मे करते. ते 80,000 असतील तर 40,000 कापले. 1,04,000 च्या बिलात 52,000 आपल्या अंगावर. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायचे साहित्य यांना ही कात्री लागत नाही. पण खोली निवडताना हा हिशेब डोक्यात पाहिजे.

तिसरी, आपला वाटा. काही पॉलिसीत प्रत्येक बिलाचे पाच, दहा, वीस टक्के आपण भरायचे असतात. काही कंपन्या खेड्यातला पत्ता पाहून हप्ता कमी लावतात आणि मोठ्या शहरात उपचार घेतले की कापतात. आपले मोठे दुखणे नागपूरला जाते हे लक्षात ठेवून विचारा.

चौथी, दवाखाने. कंपनीची रोकडरहित दवाखान्यांची यादी मागा. यवतमाळ, सावंगी, सेवाग्राम, नागपूर, आपण खरोखर जातो ते दवाखाने त्यात आहेत का? मुंबई-पुण्याची लांबलचक यादी आपल्या काय कामाची?

तुलना करणे जड जात असेल तर एक सोपा मार्ग आहे. 2020 साली नियामकाने आरोग्य संजीवनी नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना विकायला लावली. मसुदा एकच, पाच टक्के आपला वाटा, खोलीला विमा रकमेच्या दोन टक्के पण रोज 5,000 पर्यंत. माल एक असला की भाव पाडून मागता येतो. तिचा हप्ता आधी दोन-तीन कंपन्यांकडून काढा. मग महागडी पॉलिसी जास्तीचे काय देते ते विचारा.

एक गोष्ट भावाची. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी उठला. 20,000 च्या हप्त्यावर 3,600 रुपये कर जायचा. आता पावतीवर तो लावलेला नसावा, आणि मूळ हप्ताच फुगवून ठेवलेला नाही ना, तेही जुन्या पावतीशी ताडून पाहा.

म्हाताऱ्या आईला तरण्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीत घालू नका. अशा पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. नवरा, बायको आणि पोरे एका पॉलिसीत ठेवा. आईचे 70 झाले असतील तर तिचे कार्ड काढा.

फॉर्म स्वतः भरा

एजंट म्हणतो, "दादा, तुम्ही फक्त सही करा." तो सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही' लिहून मोकळा होतो. त्याला कमिशन मिळते आणि आपला दावा पुढे नाकारला जातो. बीपी, शुगर, आधीचे ऑपरेशन, सिकलसेल, खर्रा-तंबाखू, बिडी, जे असेल ते लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण दावा टिकेल. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली, की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षे होती. पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत पटली नाही तर परत करता येते. तेवढ्या दिवसांत शाळेतल्या पोरीकडून ती वाचून घ्या.

फवारणीचे इथे वेगळे सांगतो. 2017 च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. हे आपण विसरलेलो नाही. विषबाधेचा पेशंट भरती करताना डॉक्टर केसपेपरवर काय लिहितात यावर पुढचे सगळे ठरते, कारण स्वतःहून केलेल्या इजेला पुष्कळ पॉलिसी पैसे देत नाहीत. वावरात फवारताना झाले असेल तर तसे, औषधाच्या नावासकट, पहिल्याच कागदावर लिहून घ्या. डबा सोबत न्या. उपचारालाही त्याचा उपयोग होतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना वेगळी आहे. ती मृत्यू आणि अपंगत्वाला मदत देते, दवाखान्याचे बिल भागवत नाही.

बदलायची तर मातीसकट

आता मुख्य मुद्दा. कंपनीने हप्ता भरमसाट वाढवला, दावा लटकवला, जवळचा दवाखाना यादीतून काढला, तर काय करायचे? रागाच्या भरात हप्ता भरायचे थांबवू नका. संत्र्याचे रोप जागा बदलून लावताना मुळाची माती धरून उचलतो. माती झडली की रोप जाते. पॉलिसीची माती म्हणजे आपण काढलेली वर्षे.

बदल फक्त नूतनीकरणाच्या वेळी होतो. पॉलिसीच्या कागदात सहसा असे लिहिलेले असते, की नव्या कंपनीकडे अर्ज नूतनीकरणाच्या निदान 45 दिवस आधी आणि 60 दिवसांपेक्षा लवकर नाही असा करावा. अर्जासोबत जुन्या सर्व वर्षांच्या पॉलिसी आणि दाव्यांचे कागद द्या. अर्जात पोर्टेबिलिटी असे स्पष्ट लिहिलेले पाहिजे. कित्येक एजंट 'बदलून देतो' म्हणतात आणि कोरी नवीन पॉलिसी काढून देतात. नव्या पॉलिसीवर पहिल्यांदा विमा घेतल्याची जुनी तारीख आली आहे का ते पाहा. नसेल तर माती झडली समजा.

दुसरे, नव्या कंपनीला नाही म्हणता येते. सोबत वर्षे नेण्याचा हक्क आपला, पण घ्यायचे की नाही हे ती वय आणि आजार पाहून ठरवते. म्हणून बदलायचे तर धडधाकट असताना. आणि नव्या कंपनीचे लेखी उत्तर येईपर्यंत जुनी पॉलिसी खंडित होऊ देऊ नका. जुनी कंपनी केवळ तुम्ही दावा केला म्हणून नूतनीकरण नाकारू शकत नाही. हा आपला आधार आहे.

तिसरे, सोबत जाते ते जुन्या रकमेपुरतेच. 3 लाखांची पॉलिसी तीन वर्षे चालवली आणि नवी 5 लाखांची घेतली, तर जुन्या शुगरसाठी 3 लाखांची मुदत फिटलेली. वरच्या 2 लाखांना पुन्हा थांबायचे.

बँक किंवा पतसंस्थेच्या गटातून पॉलिसी असेल तर जास्त जपा. संस्थेने करार मोडला की गट संपतो. त्याआधी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वर्षे नेण्याचा अर्ज करा.

तारीख कपाशीची, मृगाची नाही

शेवटचा मुद्दा नियमांच्या पुस्तकात नाही, आपल्या वावरातला आहे. पॉलिसी का तुटतात? मे-जूनमध्ये एजंटाने गळ्यात घातलेली पॉलिसी दरवर्षी मे-जूनमध्येच हप्ता मागते. त्याच वेळी बियाणे, खत, पोरांची फी आणि डवरणीची मजुरी उभी असते. दवाखान्याचा हप्ता मागे पडतो. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत आहे, पण त्या खंडातल्या दुखण्याला पैसे मिळत नाहीत. तीही मुदत हुकली की तीन-चार वर्षांची कमाई एका पावसाळ्यात वाहून जाते.

म्हणून नवी पॉलिसी घ्यायची तर जानेवारीत घ्या. कापूस विकलेला असतो, तूर यायची असते. 15 जानेवारी तारीख धरली तर बदलीचा अर्ज 16 नोव्हेंबर ते 1 डिसेंबरच्या दरम्यान पडतो. वेचणी चालू असते, पण दिवाळी होऊन गेलेली असते आणि हातात थोडा पैसा असतो. ज्यांची तारीख जूनची आहे त्यांनी ती मोडू नये. उलंगवाडीच्या आधी हप्त्याएवढी रक्कम घरच्या लक्ष्मीच्या नावाने बचत गटात किंवा बँकेत वेगळी टाकावी. सेवाग्रामच्या गावांनी ज्वारी घरात आल्यावर वर्गणी दिली. आपण कापूस घरातून गेल्यावर द्यावी.

तक्रार करायची झाली तर आधी कंपनीला लेखी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. आपल्या भागाचे कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. नियामकाचा फोन 155255. यवतमाळला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. दावा तोंडी नाकारला तर ऐकून परत येऊ नका. पॉलिसीतल्या कोणत्या कलमाने नाकारला ते लेखी मागा.

पुढच्या तालुका बैठकीला ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांनी ती पिशवीत घालून आणावी आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी घरातली सगळी कार्डे आणावीत. खोलीची मर्यादा, थांबण्याची मुदत, पहिल्या विम्याची तारीख आणि नूतनीकरणाचा महिना अशा चार रकाने पाडलेल्या वहीत आपण गाववार नोंद करू. एकेकटा शेतकरी कंपनीला काही विचारू शकत नाही. पण एका गावातल्या चाळीस पॉलिसी एका वहीत आल्या, की कोणती कंपनी देते आणि कोणती लटकवते हे एजंटाला विचारावे लागणार नाही. मायबहिणींना विनंती की वही त्यांनी ठेवावी. घरात कोण केव्हा आजारी पडले होते हे त्यांनाच आठवते, आणि दवाखान्यासाठी पहिल्यांदा गहाण पडतो तो त्यांच्या गळ्यातला दागिना.